ॲनिमेटेड जिफ चित्रांचे आकारमान कमी करणे

ॲनिमेटेड जिफ चित्रांचे आकारमान कमी करणे म्हणजे एकामागून एक दाखवल्या जाणाऱ्या अनेक चौकटींनी बनलेल्या जिफ फाईलने व्यापलेली जागा, चित्राचा आशय शक्य तितका अबाधित ठेवून, घटवण्याची प्रक्रिया होय. अशी फाईल साठवायला कमी जागा लागते आणि इंटरनेटवरून ती लवकर उतरते. जिफ हा प्रकार मुळात स्थिर चित्रांसाठी तयार झाला. हालचाल दाखवण्याची सोय त्यात पुढे जोडली गेली. त्यामुळे काही सेकंदांचे हलते चित्रही कित्येक मेगाबाइटचे होऊ शकते. चौकटींची संख्या, चित्राची लांबी-रुंदी, रंगांची संख्या आणि लगतच्या चौकटींमधील फरक या चार बाबींवर फाईलचे आकारमान मुख्यत्वे अवलंबून असते. ते कमी करण्याच्या बहुतेक सर्व पद्धती यांपैकी एका किंवा अनेक बाबींवर काम करतात.

या विषयात ‘आकारमान’ आणि ‘लांबी-रुंदी’ या दोन संज्ञांची गल्लत होण्याचा संभव असतो. आकारमान म्हणजे फाईलने व्यापलेले बाइट, तर लांबी-रुंदी म्हणजे चित्रातील आडव्या व उभ्या पिक्सेलांची संख्या. लांबी-रुंदी तशीच ठेवूनही आकारमान कमी करता येते. उलट, वेबपानावर चित्र केवळ लहान दिसेल अशी सूचना दिली, तर त्याचे आकारमान मुळीच कमी होत नाही. वाचकाला मूळ मोठी फाईलच उतरवून घ्यावी लागते.

इतिहास

जिफ हे ‘ग्राफिक्स इंटरचेंज फॉरमॅट’ या इंग्रजी नावाचे लघुरूप आहे. कॉम्प्युसर्व्ह या अमेरिकी ऑनलाइन सेवा कंपनीने १५ जून १९८७ रोजी हा प्रकार प्रसिद्ध केला. स्टीव्ह विल्हाइट यांच्या नेतृत्वाखालील अभियंत्यांनी तो विकसित केला होता. लघुरूपाचा उच्चार ‘जिफ’ असाच करावा, असे विल्हाइट यांनी २०१३ मध्ये वेबी पुरस्कार स्वीकारताना सांगितले; तथापि ‘गिफ’ हा उच्चारही व्यापक प्रमाणावर रूढ आहे.

जिफच्या निर्मितीमागे आकारमान कमी करणे हाच हेतू होता. त्या काळी संगणक दूरध्वनीच्या तारांवरून मॉडेमद्वारे जोडले जात. २,४०० बिट प्रतिसेकंद या वेगाने २० किलोबाइटचे एक चित्र यायला एका मिनिटाहून अधिक वेळ लागे. म्हणून जिफमध्ये एलझेडडब्ल्यू ही संक्षेपणपद्धती वापरण्यात आली. अब्राहम लेम्पेल आणि जेकब झिव यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या पद्धतीत टेरी वेल्च यांनी सुधारणा करून ती १९८४ मध्ये प्रसिद्ध केली होती. या तिघांच्या आडनावांच्या आद्याक्षरांवरून तिला हे नाव मिळाले.

पहिल्या आवृत्तीला ‘८७ए’ म्हणतात. १९८९ मध्ये ‘८९ए’ ही सुधारित आवृत्ती आली. तिच्यात प्रत्येक चौकट किती वेळ दाखवावी, ती दाखवून झाल्यावर तिचे काय करावे आणि कोणता रंग पारदर्शक मानावा, या सूचनांची सोय करण्यात आली. चित्र पुन्हा पुन्हा आपोआप फिरत राहण्याची सोय मात्र मूळ नियमावलीत नव्हती. ती नेटस्केप नॅव्हिगेटर या ब्राउझरच्या २.० आवृत्तीने एका जोडसूचनेद्वारे आणली आणि पुढे इतर ब्राउझरांनीही ती स्वीकारली. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वेबपानांवर फिरती चिन्हे आणि लुकलुकत्या पट्ट्या सर्रास दिसू लागल्या, त्या यामुळेच.

एलझेडडब्ल्यू पद्धतीचे अमेरिकी पेटंट युनिसिस या कंपनीकडे होते. डिसेंबर १९९४ मध्ये, जिफ वापरणाऱ्या सॉफ्टवेअरसाठी परवानाशुल्क आकारण्याची घोषणा झाल्यावर मोठा वाद उद्भवला. पेटंटमुक्त पर्याय म्हणून पीएनजी हा चित्रप्रकार तयार झाला आणि ऑक्टोबर १९९६ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने त्यास मान्यता दिली. ५ नोव्हेंबर १९९९ रोजी ‘सर्व जिफ जाळा’ अशा आशयाचा निषेधदिनही पाळण्यात आला. या वादाचा फाईलींच्या आकारमानावर प्रत्यक्ष परिणाम झाला. पेटंटचा भंग टाळण्यासाठी काही मुक्त सॉफ्टवेअर जिफ फाईल संक्षेपण न करताच लिहीत. ती फाईल कोणत्याही ब्राउझरमध्ये व्यवस्थित उघडे, परंतु आकारमानाने बरीच मोठी असे. अमेरिकेतील पेटंटची मुदत २० जून २००३ रोजी संपली. युरोपातील काही देश, जपान आणि कॅनडा येथील पेटंटे २००४ मध्ये संपुष्टात आली. त्यानंतर जिफचा वापर पूर्णतः निर्बंधमुक्त झाला.

फाईलची अंतर्गत रचना

जिफ फाईलच्या प्रारंभी सहा बाइटांचे ओळखचिन्ह असते. त्यानंतर संपूर्ण चित्रफलकाची लांबी-रुंदी आणि सामाईक रंगतक्ता येतो. रंगतक्त्यात जास्तीत जास्त २५६ रंग मावतात. प्रत्येक रंगासाठी लाल, हिरवा व निळा या घटकांचा एकेक बाइट, याप्रमाणे पूर्ण तक्ता ७६८ बाइट घेतो. पुढे एकेक चौकट क्रमाने येते. चौकटीला स्वतःचा स्वतंत्र रंगतक्ताही असू शकतो. चौकटीतील प्रत्येक पिक्सेलच्या जागी प्रत्यक्ष रंग न लिहिता रंगतक्त्यातील त्या रंगाचा क्रमांक लिहिलेला असतो.

या क्रमांकांच्या मालिकेवर एलझेडडब्ल्यू संक्षेपण केले जाते. ही पद्धत चित्रातील पिक्सेल वरच्या ओळीपासून, डावीकडून उजवीकडे वाचत जाते आणि वाटेत आढळलेल्या क्रमांकमालिकांचा एक कोश तयार करत जाते. तीच मालिका पुन्हा आली की संपूर्ण मालिका न लिहिता कोशातील तिचा नोंदक्रमांक तेवढा लिहिला जातो. लघुलेखनात वारंवार येणाऱ्या शब्दसमूहांसाठी एकच खूण वापरावी, तसाच हा प्रकार आहे. या कोशात कमाल ४,०९६ नोंदी मावतात.

यातून आकारमानाविषयीचा एक मूलभूत नियम निघतो: चित्रात जितकी पुनरावृत्ती अधिक, तितकी फाईल लहान. एकाच रंगाची सलग पार्श्वभूमी असलेली आकृती फार कमी जागेत मावते. कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात मात्र शेजारशेजारच्या पिक्सेलांत सूक्ष्म फरक असल्याने जुळणाऱ्या मालिका क्वचितच सापडतात आणि कोशाचा फारसा उपयोग होत नाही.

संक्षेपणापूर्वीच्या माहितीचा हिशोब सोपा आहे. ४८० × २७० पिक्सेलांच्या एका चौकटीत १,२९,६०० पिक्सेल असतात. २५६ रंगांच्या चित्रात प्रत्येक पिक्सेलला एक बाइट लागतो. दर सेकंदाला १० चौकटी या गतीने पाच सेकंदांच्या चित्रात ५० चौकटी होतात आणि एकूण माहिती ६४,८०,००० बाइट, म्हणजे सुमारे साडेसहा मेगाबाइट भरते. संक्षेपणाने ती किती कमी होईल हे चित्राच्या स्वरूपावर ठरते. पण कपातीचा विचार याच आकड्यापासून सुरू होतो.

आकारमान कमी करण्याच्या पद्धती

या पद्धतींचे दोन वर्ग पडतात. हानिरहित पद्धतींमध्ये पडद्यावर दिसणाऱ्या चित्रात कोणताही बदल होत नाही. केवळ माहिती साठवण्याची रीत अधिक काटकसरीची होते. हानिसह पद्धतींमध्ये चित्रातील काही माहिती कायमची टाकून दिली जाते आणि ती अंतिम फाईलवरून परत मिळवता येत नाही.

लांबी-रुंदी घटवणे व कातरणे

लांबी आणि रुंदी दोन्ही निम्म्या केल्यास पिक्सेलांची संख्या एक-चतुर्थांश होते. वरील उदाहरणातील चित्र २४० × १३५ पिक्सेलांचे केल्यास संक्षेपणापूर्वीची माहिती १६,२०,००० बाइटांवर येते. म्हणूनच हा सर्वांत परिणामकारक उपाय मानला जातो. चित्राच्या कडेचा अनावश्यक भाग कातरून टाकणे हा त्याहून सुरक्षित मार्ग होय, कारण त्यात मुख्य विषयाचा तपशील मुळीच कमी होत नाही.

चौकटींची संख्या घटवणे

दर दोन चौकटींपैकी एक वगळल्यास माहिती जवळपास निम्मी होते. मात्र उरलेल्या चौकटींचा विलंबकाळ त्याच प्रमाणात वाढवावा लागतो. अन्यथा हालचाल दुप्पट वेगाने होऊ लागते. जिफमध्ये विलंब शतांश सेकंदांत लिहिला जातो. चार शतांश सेकंद म्हणजे दर सेकंदाला २५ चौकटी. दर सेकंदाला २४ किंवा ३० चौकटी ही गती जिफमध्ये एकाच विलंबाने अचूक लिहिता येत नाही. शून्य किंवा एक शतांश सेकंद विलंब लिहिल्यास प्रचलित ब्राउझर तो दहा शतांश सेकंद धरतात, त्यामुळे वेगवान होण्याऐवजी चित्र रेंगाळते.

दृश्य काही काळ स्थिर ठेवायचे असल्यास तीच चौकट अनेकदा लिहिण्याची गरज नसते. एकाच चौकटीचा विलंब वाढवला की पुरे. विलंबासाठी दोन बाइट राखून ठेवलेले असल्याने एक चौकट कमाल ६५,५३५ शतांश सेकंद, म्हणजे जवळजवळ अकरा मिनिटे, दाखवता येते. चित्र कितीही वेळा फिरवले तरी आकारमान वाढत नाही, कारण आवर्तनांची संख्या ही फाईलमधील केवळ एक सूचना असते. याउलट, पुढे जाऊन त्याच मार्गाने मागे येणारी हालचाल दाखवायची असेल, तर परतीच्या चौकटी पुन्हा लिहाव्या लागतात. जिफमध्ये चित्र उलट दिशेने चालवण्याची सूचना नाही.

रंगांची संख्या घटवणे

रंगतक्त्यातील जागा दोनच्या पटीत वाढत जातात: २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८ आणि २५६. चित्रात ३३ रंग असल्यास तक्ता ६४ जागांचाच घ्यावा लागतो. म्हणून रंग कमी करताना या पायऱ्यांचे भान ठेवणे हिताचे ठरते. रंग कमी झाले की क्रमांक लिहायला कमी बिट पुरतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे शेजारचे पिक्सेल एकसारखे होऊन जुळणाऱ्या मालिका वाढतात. रेखाकृती, आलेख व नकाशे यांना बहुधा १६ किंवा ३२ रंग पुरेसे होतात. आकाश किंवा मानवी चेहरा यांसारख्या मंद छटाबदल असलेल्या दृश्यांत मात्र रंग कमी केल्यावर पट्टे दिसू लागतात.

सर्व चौकटींसाठी एकच सामाईक रंगतक्ता वापरणे हीही बचतच आहे. ५० चौकटींना २५६ रंगांचे स्वतंत्र तक्ते दिल्यास केवळ तक्त्यांचेच ३८,४०० बाइट होतात. सामाईक तक्त्याला ७६८ बाइट लागतात. मोठ्या फाईलमध्ये हा फरक किरकोळ असतो, परंतु लहान चिन्हांच्या बाबतीत तो ठळकपणे जाणवतो.

डिदरिंगचा विचार

कमी रंगांत अधिक छटांचा आभास निर्माण करण्यासाठी दोन रंगांचे ठिपके मिसळून पेरण्याच्या पद्धतीला डिदरिंग म्हणतात. वर्तमानपत्रातील छायाचित्र जसे ठिपक्यांनी बनते, तसेच हे आहे. रॉबर्ट फ्लॉइड आणि लुईस स्टाइनबर्ग यांनी १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत प्रत्येक पिक्सेलमधील रंगाची चूक उजवीकडच्या व खालच्या पिक्सेलांत वाटून दिली जाते. स्थिर चित्रात तिचा परिणाम उत्तम दिसतो, परंतु हलत्या चित्रात ती अडचणीची ठरते. एका कोपऱ्यातील लहानसा बदल ठिपक्यांची मांडणी पुढे दूरवर बदलून टाकतो. त्यामुळे प्रत्यक्षात स्थिर असलेली पार्श्वभूमीही प्रत्येक चौकटीत वेगळी लिहावी लागते आणि पडद्यावर ती थरथरताना दिसते. ठरावीक जाळीनुसार ठिपके पेरणाऱ्या पद्धतीत ठिपक्याची जागा केवळ त्या पिक्सेलच्या स्थानावर व रंगावर ठरते. म्हणून पार्श्वभूमी स्थिर राहते आणि संक्षेपणही अधिक होते. सपाट रंगांच्या आकृत्यांत डिदरिंग मुळीच न करणे श्रेयस्कर असते.

केवळ बदललेला भाग साठवणे

ही सर्वांत महत्त्वाची हानिरहित पद्धत होय. जिफमधील प्रत्येक चौकटीने संपूर्ण फलक व्यापलाच पाहिजे असे नाही. आधीची चौकट पडद्यावर तशीच राहू द्यावी अशी सूचना देऊन, पुढील चौकटीत फक्त बदललेला आयताकृती भाग लिहिता येतो. या आयतातील न बदललेले पिक्सेल पारदर्शक म्हणून लिहिले की एकाच क्रमांकाच्या लांबच लांब मालिका तयार होतात आणि एलझेडडब्ल्यू संक्षेपणाला त्या सोयीच्या पडतात. यासाठी रंगतक्त्यातील एक जागा पारदर्शक रंगाकरिता राखून ठेवावी लागते.

या पद्धतीच्या मर्यादाही लक्षात घेण्याजोग्या आहेत. एखादी वस्तू एका जागेवरून दुसऱ्या जागी सरकते तेव्हा नव्या जागी वस्तू रेखाटण्याबरोबरच जुन्या जागी पार्श्वभूमी पुन्हा भरावी लागते; म्हणून आयताने दोन्ही जागा व्यापणे आवश्यक असते. समोरासमोरच्या दोन कोपऱ्यांत एकाच वेळी लहान बदल झाल्यास आयत जवळजवळ पूर्ण फलकाएवढा होतो. आणि हातात धरलेल्या कॅमेऱ्याने टिपलेल्या दृश्यात प्रत्येक चौकटीतील प्रत्येक पिक्सेल थोडाफार बदलत असल्याने या पद्धतीचा लाभ जवळपास शून्य होतो. तिपाईवर कॅमेरा स्थिर ठेवून केलेले चित्रण याच कारणामुळे लहान फाईल देते.

हानिसह संक्षेपण

मूळ एलझेडडब्ल्यू पद्धत हानिरहित आहे. तथापि कोशातील नोंदीशी तंतोतंत न जुळणारी, परंतु रंगाने जवळची असलेली मालिकाही जुळली असे मानल्यास संक्षेपण वाढते. या युक्तीने छायाचित्रासारख्या दृश्यांचे आकारमान लक्षणीयरीत्या कमी होते. मात्र चित्रात आडव्या रेघोट्या व बारीक खरखर दिसू लागते. सपाट रंगांच्या आकृतीत हे दोष चटकन नजरेत भरतात, म्हणून तेथे ही पद्धत टाळली जाते.

पद्धतींचा क्रम

वरील पद्धती कोणत्या क्रमाने वापरल्या जातात यावर परिणाम बराच अवलंबून असतो. प्रथम अनावश्यक काळ व कडा कातरणे, त्यानंतर लांबी-रुंदी घटवणे, मग चौकटी कमी करणे, त्यापुढे रंग कमी करणे आणि सर्वांत शेवटी बदललेला भाग तेवढा साठवणे, हा क्रम सामान्यतः योग्य ठरतो.

क्रम उलटल्यास दोन अडचणी उद्भवतात. पहिली अशी की, केवळ बदललेले भाग साठवलेली फाईल तशीच लहान करू गेल्यास किंवा तिच्यातील चौकटी वगळल्यास चित्र बिघडते. कारण अशा फाईलमधील चौकट स्वतंत्र नसून आधीच्या चौकटींवर विसंबलेली असते. ज्या चौकटीने वस्तू पुसायची तीच वगळली गेली, तर वस्तूचा ठसा मागे राहतो. म्हणून अशा फाईलवर काम करण्यापूर्वी प्रत्येक चौकट पुन्हा पूर्ण स्वरूपात आणावी लागते. दुसरी अडचण अशी की, रंग आधी कमी करून मग चित्र लहान केल्यास कडांवर मिश्र छटा नव्याने निर्माण होतात, डिदरिंगचे ठिपके एकमेकांत फिसकटतात आणि रंग पुन्हा कमी करावे लागतात. या दुहेरी प्रक्रियेत चित्राचा दर्जा खालावतो आणि फाईल अपेक्षेइतकी लहानही होत नाही.

यावरून आणखी एक दंडक निघतो: प्रत्येक नवा प्रयत्न मूळ चित्रण किंवा मूळ चौकटींपासून करावा. आधीच घटवलेल्या फाईलवर पुन्हा हानिसह प्रक्रिया केल्यास दोष साचत जातात. त्यासाठी मूळ फाईल जपून ठेवणे अगत्याचे असते.

उदाहरण: देवनागरी अक्षरलेखन

प्राथमिक शिक्षणात अक्षर कोठून सुरू करावे व कसे वळवावे हे दाखवण्यासाठी ॲनिमेटेड चित्रांचा चांगला उपयोग होतो. समजा, ‘क’ हे अक्षर लिहिण्याची क्रिया ४०० × ४०० पिक्सेलांच्या फलकावर ६० चौकटींत दाखवायची आहे. प्रत्येक चौकट पूर्ण लिहिल्यास ९६,००,००० पिक्सेलांची माहिती होते. परंतु प्रत्येक पायरीला अक्षराचा केवळ सुमारे ४० × ४० पिक्सेलांचा नवा भाग उमटतो असे धरले, तर पहिली पूर्ण चौकट आणि उरलेल्या ५९ चौकटींतील बदललेले भाग मिळून २,५४,४०० पिक्सेल होतात. म्हणजे चित्रात कोणतीही हानी न होता माहिती सुमारे अडतिसाव्या हिश्शावर येते.

याच चित्रात लेखणी धरलेला, १५० × २०० पिक्सेलांचा हात दाखवायचा ठरवल्यास प्रत्येक चौकटीतील बदललेला भाग किमान ३०,००० पिक्सेलांचा होतो. ४० × ४० च्या भागाच्या तुलनेत तो जवळजवळ एकोणीसपट आहे. हाताऐवजी लेखणीच्या टोकाशी एक लहान लाल ठिपका दाखवला, तर हेतूही साधतो आणि बचतही टिकते. सॉफ्टवेअरने केलेल्या काटछाटीपेक्षा चित्राची योजना करतानाच घेतलेला निर्णय अधिक प्रभावी ठरतो, हे या उदाहरणावरून दिसून येते.

पांढऱ्या फलकावरील काळ्या अक्षराला दोनच रंग पुरतील असे प्रथमदर्शनी वाटते. तथापि वळणांच्या कडा गुळगुळीत दिसण्यासाठी काळ्या-पांढऱ्याच्या मधल्या काही करड्या छटा आवश्यक असतात. आठ रंगांचा तक्ता त्यासाठी साधारणतः पुरतो. छटा पूर्णतः काढून टाकल्यास कडा दातेरी होतात आणि लहान पोकळ्या बुजतात.

देवनागरीच्या बाबतीत लांबी-रुंदी कमी करण्याला विशेष मर्यादा आहे. ‘घ’ आणि ‘ध’ किंवा ‘म’ आणि ‘भ’ या जोड्यांतील भेद मुख्यतः शिरोरेषेतील खंड व डावीकडची लहान गाठ यांवर ठरतो. ४०० पिक्सेलांच्या चित्रात १२ पिक्सेल व्यासाचा असलेला अनुस्वार १०० पिक्सेलांच्या चित्रात तीनच पिक्सेलांचा उरतो. रफार, अनुस्वार आणि जोडाक्षरांतील सांधे हे तपशील सर्वांत आधी पुसट होतात. वाचायला शिकणाऱ्या मुलाला ‘घ’च्या जागी ‘ध’ दिसू लागला, तर फाईल कितीही लहान असली तरी ती निरुपयोगी ठरते. म्हणून अक्षरांच्या चित्रात लांबी-रुंदी राखून रंग आणि बदललेला भाग यांवर बचत करणे अधिक इष्ट असते.

साधने

जिफ फाईल लहान करण्यासाठी अनेक मुक्त साधने उपलब्ध आहेत. एडी कोलर यांनी विकसित केलेले जिफसिकल हे आदेशपंक्तीवर चालणारे सॉफ्टवेअर बदललेला भाग शोधणे, रंग कमी करणे आणि हानिसह संक्षेपण ही तिन्ही कामे करते. इमेजमॅजिक या संचात चौकटी पूर्ण स्वरूपात आणण्याची व पुन्हा आटोपशीर करण्याची सोय आहे. जिंप या चित्रसंपादकात प्रत्येक चौकट स्वतंत्र थर म्हणून हाताळता येते आणि जिफसाठी चौकटी आटोपशीर करणारी आज्ञाही उपलब्ध आहे. एफएफएमपेग हे साधन चित्रफितीवरून जिफ बनवताना प्रथम संपूर्ण फितीला अनुरूप रंगतक्ता तयार करते आणि नंतर त्यानुसार चौकटी रंगवते.

पर्यायी स्वरूपे

आधुनिक चित्रफीत-संक्षेपणात, उदाहरणार्थ २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एच.२६४ या मानकात, एखादा भाग कोणत्या दिशेला किती सरकला हे लिहिले जाते. तो भाग पुन्हा रेखाटावा लागत नाही. जिफमध्ये अशी सोय नाही. त्यामुळे कॅमेऱ्याने टिपलेले दृश्य जिफऐवजी आवाजविरहित, आपोआप फिरणाऱ्या चित्रफितीच्या रूपात दिल्यास आकारमान कितीतरी कमी होते. ट्विटर व इम्गुर या सेवांनी २०१४ मध्ये वापरकर्त्यांनी चढवलेल्या जिफ फाईलींचे एमपी४ चित्रफितींत रूपांतर करण्यास प्रारंभ केला. व्हॉट्सॲपवर ‘जिफ’ म्हणून फिरणारी चित्रेही प्रत्यक्षात लहान चित्रफितीच असतात.

मोझिला प्रकल्पातील विकासकांनी २००४ मध्ये मांडलेला एपीएनजी हा पीएनजीचा हलता प्रकार २५६ रंगांच्या मर्यादेतून मुक्त आहे आणि त्यात अंशतः पारदर्शकताही दाखवता येते. जिफमध्ये पिक्सेल एकतर पूर्ण पारदर्शक असतो किंवा पूर्ण अपारदर्शक. गूगलने २०१० मध्ये जाहीर केलेल्या वेबपी या प्रकारात हानिरहित व हानिसह अशा दोन्ही रीती असून पुढे त्यात ॲनिमेशनची सोयही झाली. असे असले तरी जिफ जवळजवळ प्रत्येक ब्राउझरमध्ये, जुन्या संगणकांवर आणि ईमेलमध्येही कोणत्याही जोडसाधनाविना उघडते. या सार्वत्रिकतेमुळे त्याचा वापर टिकून आहे.

वापरकर्त्यांवरील परिणाम

पाच मेगाबाइटचे चित्र दोन मेगाबिट प्रतिसेकंद वेगाच्या जोडणीवर उतरायला २० सेकंद लागतात; तेच ८०० किलोबाइटचे केल्यास सव्वातीन सेकंदांत उतरते. एकाच पानावर अशी अनेक चित्रे असल्यास हा फरक वाढत जातो. मोबाइलवर मोजून मिळणाऱ्या डेटावर अवलंबून असणाऱ्या आणि क्षीण नेटवर्कच्या भागात राहणाऱ्या वाचकांना त्याची झळ सर्वाधिक बसते. तसेच लहान फाईल उघडल्यावरही ब्राउझरला प्रत्येक चौकट पूर्ण लांबी-रुंदीत उलगडावी लागते. त्यामुळे आकारमान कमी असूनही फलक फार मोठा असलेले चित्र जुन्या फोनवर अडखळू शकते.

वेबसामग्रीच्या सुलभतेविषयी वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने घालून दिलेल्या मार्गदर्शक सूत्रांनुसार, आपोआप सुरू होणारी आणि अन्य मजकुरासोबत पाच सेकंदांहून अधिक काळ चालणारी हालचाल थांबवण्याची सोय वाचकाला असली पाहिजे. तसेच एका सेकंदात तीनहून अधिक वेळा लखलखाट होऊ नये, कारण त्यामुळे काही व्यक्तींना अपस्माराचा झटका येऊ शकतो. जिफमध्ये थांबवण्याचे बटण अंगभूत नसते. परंतु आवर्तनांची संख्या मर्यादित ठेवता येते. दीड सेकंदाचे चित्र तीनदा फिरून थांबले, तर एकूण हालचाल साडेचार सेकंदांत आटोपते. अशा मोजक्या हालचालीला चौकटीही कमी लागतात. वाचकाची सोय आणि आकारमानाची बचत या दोन्ही गोष्टी येथे एकत्रच साधतात.

मर्यादा

आकारमान कमी करण्याची कोणतीही एक पद्धत सर्व चित्रांना सारखी लागू पडत नाही. रेखाकृतींना रंग कमी करणे व बदललेला भाग साठवणे यांचा लाभ होतो. छायाचित्रासारख्या दृश्यांना लांबी-रुंदी व चौकटी कमी करण्याचा, किंवा चित्रफितीत रूपांतर करण्याचा. ज्या हालचालीत वेगच महत्त्वाचा आहे, उदाहरणार्थ इंजिनातील दट्ट्याची गती, तेथे चौकटी कमी केल्यास आकलन बिघडते. ज्या नकाशात रंग अर्थवाही आहेत, तेथे रंग कमी केल्याने दोन प्रदेश एकच दिसू शकतात. म्हणून फाईल घटवून झाल्यावर ती ज्या आकारात प्रत्यक्ष पाहिली जाणार आहे त्याच आकारात, शक्य तर मोबाइलच्या पडद्यावर, तपासली जाते. चित्र जे सांगण्यासाठी तयार झाले ते ज्या टप्प्यानंतर कळेनासे होते, तेथे कपात थांबवावी लागते.